खिडकीबाहेरची आजी

रुग्णालयात येणारा मोठा मनुष्य आपले दुखणे घेऊन येतो, आणि ते सांगण्यासाठी शब्दही घेऊन येतो. लहान मूल दुखणे तेवढे आणते. शब्द त्याच्यापाशी नसतात. पोटात कळ उठते आहे की कानात ठणका लागला आहे, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून मुलांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला एक निराळी लिपी वाचावयास शिकावे लागते. श्वासाची गती, त्वचेचा तजेला, डोळ्यांतील ओळख, रडण्याचा सूर ही त्या लिपीची अक्षरे होत. सदतीस वर्षे मी ती लिपी वाचीत आले आणि २०२१ मध्ये सेवानिवृत्त झाले. परंतु तिचे पहिले अक्षर मला ज्या बाईने शिकविले, तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

हकीकत १९८४ च्या पावसाळ्यातील आहे. परिचर्येचे शिक्षण संपवून मी नुकतीच एका जिल्ह्याच्या गावी बालरुग्ण विभागात रुजू झाले होते. लांबट दालन, दोन्ही बाजूंना मिळून वीस खाटा, भिंतींना ताज्या चुन्याचा वास, आणि दारावर एक पाटी : ‘तपासणीच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबावे.’ सकाळी आठ वाजले की शिपाई घंटा वाजवी, आणि रात्रभर मुलांच्या उशाशी बसलेल्या आया, आज्या, मावश्या आपापली गाठोडी उचलून व्हरांड्यात जात. मग मुलांच्या रडण्याचा एकच कल्लोळ उठे. तो ओसरला की आम्ही कामाला लागत असू. ही पद्धत मला फार आवडे. स्वच्छ चादरी, मोकळी जागा, मध्ये बोलणारे कोणी नाही. शिस्त म्हणजेच शुश्रूषा, अशी त्या वयात माझी समजूत होती.

बाराव्या खाटेवर दीड वर्षाची एक मुलगी होती. आदल्या संध्याकाळी भर पावसात तिची आजी तिला घेऊन आली होती. सून ओली बाळंतीण, मुलगा परगावी मजुरीला. तेव्हा आजीच नातीला घोंगडीत गुंडाळून दोन कोस चालली आणि पुढे एस. टी. धरून आली. मुलीला खोकला होता, ताप होता. औषध दिले, रात्री ताप उतरला. सकाळी घंटा झाली, आजी बाहेर गेली. इतर मुलांनी आकांत मांडला. ही मुलगी मात्र रडली नाही. छताकडे तोंड करून ती निमूट पडून राहिली. मला बरे वाटले. ‘किती शहाणी आहे!’ असे मी मनात म्हटले.

त्या दिवशी डॉक्टर एका तातडीच्या रुग्णाकडे गुंतले होते. ते येण्यापूर्वी वीसही मुलांचे ताप, नाडी आणि श्वास तक्त्यावर भरून ठेवावयाचे होते. तापमापकातील पारा लबाडी करू देत नाही. तो जेथे थांबतो तेथेच थांबतो. श्वासाचे तसे नाही. तो मोजण्यासाठी मुलाशेजारी स्वस्थ उभे राहावे लागते, घड्याळाच्या काट्यावर एक डोळा आणि मुलाच्या पोटावर दुसरा ठेवावा लागतो, आणि मूल हलले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. मला घाई होती. अकराव्या खाटेच्या मुलाचे श्वास मी मोजले होते. ते मिनिटाला २८ भरले होते. बाराव्या खाटेच्या तक्त्यावर मी न मोजताच ३० हा आकडा लिहिला, आणि त्याखाली लिहिले, ‘ताप नाही. मूल शांत.’ ही माझी चूक मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे, तुम्हालाही सांगते. अज्ञानाने केलेली चूक मनुष्य विसरू शकतो. आळसाने लिहिलेले खोटे विसरता येत नाही.

इतक्यात खिडकीचे गज वाजले. बाहेर आजी उभी होती. व्हरांड्याच्या पागोळ्यांनी तिचा पदर भिजला होता.

“अवो बाई,” ती म्हणाली, “पोर निजल्यावानी दिसतीया, पर निजली न्हाई. रोज मला पाण्याला बी जाऊ देत न्हाई ती. आज मी भाईर आले, तरी वळून बघितलं न्हाई तिनं. आन् पोट उडतंय बघा तिचं.”

“आजी, ताप उतरला आहे. मुलगी शांत आहे. तुम्ही तिकडे जाऊन बसा बरे,” मी म्हणाले.

“ती शांत न्हाई, बाई. ती मलूल झालीया.”

मी खिडकीचे दार लोटून घेतले.

आमच्या विभागाच्या प्रमुख परिचारिकेला आम्ही ‘मोठ्या बाई’ म्हणत असू. त्यांनी औषधाच्या कपाटापाशी उभे राहून हे सारे ऐकले होते. त्या काही बोलल्या नाहीत. सरळ दारापाशी गेल्या, पाटीखालून आजीला हाताशी धरून त्यांनी आत आणले आणि खाटेजवळ बसवून म्हटले, “आजी, नात मांडीवर घ्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता घड्याळ हाती घे. तिला हात लावू नकोस. आजींनाच झबले वर करू दे. आणि मोज. पुरे एक मिनिट मोज.”

मी मोजू लागले. आजीने झबले उचलले आणि मला दिसले ते असे : मुलीचे इवलेसे पोट खरोखरच उडत होते. प्रत्येक श्वासागणिक बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता, नाकपुड्या फुलत होत्या, ओठांवर किंचित निळसर छटा आली होती. काटा फिरून जागेवर आला तेव्हा माझ्या मोजणीत ६६ आकडा होता. ताप उतरला होता, परंतु फुप्फुसांत न्यूमोनिया ठाण मांडून बसला होता. जिला मी शहाणी म्हटले होते, तिच्या अंगी रडण्याचेही बळ उरले नव्हते.

डॉक्टरांना तत्काळ बोलावणे गेले. सुई टोचली गेली, ऑक्सिजनचे नळकांडे आले. पण मुखवटा तोंडाजवळ नेला की मुलगी उरलासुरला जीव एकवटून मान फिरवी. माझ्या पांढऱ्या कपड्यांना ती भीत होती. शेवटी मोठ्या बाईंनी तो मुखवटा आजीच्या हाती दिला. आजीने नातीला छातीशी उभे टेकवले, तिच्या मुठीत घोंगडीची दशी दिली, आणि मुखवटा नाकाशी धरून ती हळूहळू झुलू लागली. मुलीने मान फिरविली नाही. त्या दोन दिवसांत आजीचा हात दुखून आला असेल. पण तो खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नातीने आजीच्या गळ्यातली पोत ओढली आणि ती सोडीना. आजी माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता आली माझी पोर माझ्यात.”

त्याच दिवशी दुपारी मोठ्या बाईंनी बाराव्या खाटेचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशीचा माझा ३० तेथे तसाच होता. मी खोडरबर शोधू लागले. “खोडू नकोस,” त्या म्हणाल्या. “एक रेघ मार. खालचा आकडा दिसला पाहिजे. शेजारी ६६ लिही, वेळ लिही, आणि सही कर.” मी तसे केले. त्यांनी दुसरा शब्द उच्चारला नाही. पण जाताना विचारले, “‘पोट उडतंय’ हे तुझ्या पुस्तकात आहे का ग?”

ते माझ्या पुस्तकात नव्हते. तेथे श्वसनाच्या विकारांची लांबलचक लक्षणे होती आणि ती मला पाठ होती. आजीला त्यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. परंतु मूल निरोगी असताना त्याचे पोट कसे हलते, हे तिने दीड वर्ष रोज पाहिले होते; म्हणून ते कधी निराळे हलू लागले हे तिला आधी कळले. मी त्या मुलीला केवळ एका रात्रीची ओळखत होते. तिचे ‘नेहमीचे’ काय आहे, हेच मला माहीत नव्हते. मग त्यातील बदल मला कोठून कळावा?

तेव्हापासून मुलाला तपासण्याची माझी रीत बदलली. प्रथम दारातूनच पाहावयाचे. मूल आईच्या मांडीवर कसे बसले आहे, आपल्याकडे बघते की नाही, हात पुढे करते की गळून पडले आहे, हे हात न लावता कळते. मग श्वास मोजावयाचा, तोही ते मांडीवर स्वस्थ असताना आणि पुरे एक मिनिट. कारण रडणाऱ्या मुलाचा श्वास आजाराचा नसून रडण्याचा असतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने खेड्यापाड्यांतील सेवकांसाठी याचे सोपे नियम घालून दिले. खोकला असलेल्या मुलाचे वय दोन महिन्यांहून कमी असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर श्वास जलद समजावा. मूल पिईनासे झाले, प्यालेले सगळे ओकू लागले, त्याला झटके आले किंवा ते सुस्त पडून राहिले, तर क्षणाचाही विलंब लावू नये. त्या यादीतील ‘सुस्त’ हा शब्द मी प्रथम वाचला, तेव्हा माझ्या कानी आजीचा ‘मलूल’ आला.

घसा आणि कान मी सर्वांत शेवटी पाही, कारण तेथे मूल हमखास रडते. छातीला नळी लावण्यापूर्वी ती बाहुलीच्या छातीला लावावी, किंवा आईच्या. थोड्या मोठ्या मुलाला दुखणे किती आहे हे विचारावयाचे तर त्याच्यापुढे चेहऱ्यांची चित्रे ठेवावीत. अमेरिकेतील टल्सा या शहरी डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अशी सहा चेहऱ्यांची मालिका तयार केली. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला अश्रू ढाळणारा. शब्द न सापडणारे मूल त्यांतील एकावर बोट ठेवते. पण या साऱ्या साधनांच्या आधी मी एक प्रश्न विचारीत असे. तो मुलाच्या आईला असे : “आज हे नेहमीसारखे आहे का?” याचे उत्तर ‘नाही’ आले, तर तापमापक काहीही सांगो, मी ते मूल पुन्हा पाही.

पुढे मी नव्या परिचारिकांना शिकवू लागले, तेव्हा त्या दारावरच्या पाटीचा उगम शोधण्याची मला जिज्ञासा झाली. शोधता शोधता मी इंग्लंडपर्यंत पोहोचले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील अनेक रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एखाद्या वेळीच, आणि तेही थोडा वेळ, मुलाला भेटू देत. बाहेरून संसर्ग येईल ही एक भीती. दुसरे कारण असे की, आई येऊन गेली की मुले रडत, आणि ती आलीच नाही तर काही दिवसांनी गप्प होत. मूल गप्प झाले म्हणजे रुळले, असा समज होता. न्यूकॅसल येथील डॉक्टर जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकापासून आयांना मुलांजवळ राहू दिले होते; पण त्यांच्यासारखे थोडेच.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनी या गप्प होण्याकडे निरखून पाहिले. मूल आधी आक्रोश करते, मग निराश होते, आणि शेवटी आईकडेही पाठ फिरविते. ते रुळलेले नसते, त्याने आशा सोडलेली असते, असे त्यांच्या ध्यानी आले. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार करून १९५२ मध्ये दाखविला. ती मुलगी फारशी रडत नाही. आपली गोधडी आणि कापडी अस्वल उराशी धरून ती मधून मधून आईला हाक मारते, आणि पुन्हा तोंड मिटते. हा चित्रपट पाहून अनेक डॉक्टर संतापले, काही विचारात पडले. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने तेथील सरकारला अहवाल दिला : आईबापांना मुलांकडे केव्हाही येऊ द्यावे, आणि लहान मुलांच्या आयांना शक्य तेथे सोबत राहू द्यावे. साहेबांच्या देशात ती पाटी हळूहळू खाली आली. आमच्या दारावर ती पुढेही पुष्कळ वर्षे लटकत राहिली.

आपल्या देशात तर घरच्या माणसांनी याहून मोठे काम करून दाखविले आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले आणि ते लावणारे हातही पुरेनात. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या, त्या पाण्यात कालवून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले आणि घोट घोट पाजावयास सांगितले. ज्या साथीत शंभरांतले तीसेक रुग्ण दगावत होते, तेथे मृत्यूंचे प्रमाण शंभरांत चारांच्याही खाली आले. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांना नवजात बाळ तपासावयास शिकविले. वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला उबेत ठेवणे, आणि हे सारे त्याच्या घरी, त्याच्या आईसमोर. एकोणचाळीस गावांतील या कामाची हकीकत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. ज्यांना आम्ही घंटा वाजवून बाहेर काढीत होतो, त्यांच्या हातांत किती सामर्थ्य होते ते पाहा!

याचा अर्थ घरचे माणूस कधीच चुकत नाही, असा नव्हे. पोटावर डाग दिलेली बाळे मी पाहिली आहेत. तो डाग मायेच्याच माणसांनी दिलेला असतो. अशा वेळी नव्या परिचारिकेच्या जिभेवर कठोर शब्द येतात. ते उच्चारले की आई दुसरा डाग पदराखाली झाकते, आणि आपल्याला जे कळावयास हवे तेच कळत नाही. तिला जवळ बसवून विचारले, “बाळासाठी घरी काय काय केलेत?” की ती सारे सांगते. मग तिला समजावयास वेळ लागत नाही. पुढच्या मुलाला डाग द्यावयास निघालेल्या सासूला तीच अडविते. सांगण्याआधी ऐकून घ्यावे लागते, एवढेच.

बारा वर्षांनी मोठ्या बाईंच्या जागी मी प्रमुख परिचारिका झाले, तेव्हा प्रथम ती पाटी उतरविली. व्हरांड्यातील बाके आत आणून प्रत्येक खाटेजवळ एकेक स्टूल ठेविले. तपासणीच्या वेळी गर्दी होईल, गोंगाट होईल, असे पुष्कळांनी बजावले. गोंगाट झाला नाही. मुलांचा तो आठ वाजताचा कल्लोळ मात्र बंद झाला. डॉक्टर खाटेपाशी आले की रात्रीची हकीकत आधी आई सांगे आणि मग मी तक्ता वाची. कोणाला औषध कसे पाजावयाचे, कोणता श्वास धोक्याचा, हे आयांना तेथेच शिकविता येऊ लागले. आणि मूल घरी गेले तरी त्याची परिचारिका त्याच्यासोबत जाऊ लागली.

मुलांनो, तुमच्याही घरी कधी धाकटे भावंड आजारी पडेल. त्याच्याशी तुम्ही रोज खेळता. त्याचे हसणे, त्याचा हट्ट तुम्हाला ठाऊक असतो. ते अकारण निमूट झाले, खेळणे पुढे केले तरी बघेना, तर ‘किती शहाण्यासारखे पडून आहे’ असे म्हणू नका. मोठ्यांना हाक मारा. ती मोठी माणसे कामात असली, तर खिडकीच्या गजांवर पुन्हा एकदा हात आपटा.

सहाव्या दिवशी आजी नातीला घेऊन निघाली, तेव्हा पाऊस उघडला होता. मी तिचे पाय धरावयास वाकले. तिने मला मध्येच थांबविले. “न्हाई, पोरी,” ती म्हणाली, “तू मोजलंस म्हणून वाचली.” मी मोजले नव्हते, हे तिला ठाऊक नव्हते. सांगावे असे वाटले, पण एस. टी.ची वेळ झाली होती, आणि ती नातीला कडेवर घेऊन पायऱ्या उतरली. ते सांगावयाचे राहून गेले. त्यानंतर मी ज्या ज्या मुलाचे श्वास मोजले, ते पुरे एक मिनिट मोजले.